माघारी मूठ

गोजराबाईच्या घरी ओटी दोन तऱ्हांनी भरली जायची. पाहुणी आली, शेजारीण आली, कुणाची नवी सून पाया पडायला आली, की सुपात तांदूळ, वर नारळ, खण. पण घरची लेक सासरी निघाली की सुपात तांदूळ नसायचा, भात असायचं. सालासकटचं, जितं. तांदूळ शिजवायचा, खायचा, विसरायचा. भात नेऊन पेरायचं. आणि लेकीची ओटी भरताना गोजराबाई ओवी म्हणायची, तिच्या आईनं तिची भरताना म्हटलेलीच :

लेकीच्या ग ओटीमंदी । घालिते मी साळी-भात
तिच्या ग उंबऱ्याला । माज्या शेताची ग वाट

त्या भाताला एक अट होती. माहेरचं बी कधी बसलं, पुरात गेलं, किडीनं खाल्लं, तर लेकीनं आपल्या कणगीतलं मूठभर पदरात बांधायचं आणि माहेरची वाट धरायची. तिला म्हणायचे माघारी मूठ. आईनं ती मागायची नसते. लेकीच्या कानावर गेलं की लेक निघते. गोजराबाईच्या आईच्या घरी एकदा ओढा फिरला होता, तेव्हा गोजराबाई स्वतः अशी मूठ घेऊन डोंगर उतरून गेली होती, पायात वहाण न घालता.

हे भात म्हणजे तांबसाळ. साल काढलं तरी आत तांबडंच, कोवळ्या विटेच्या रंगाचं. बाळंतिणीला त्याची पेज द्यायची, म्हणजे अंगात रक्त धरतं, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगत. पण म्हाताऱ्या गेल्या आणि खाचरंही बदलली. पिरंगुटच्या पुढं, पौड रस्त्याच्या डाव्या अंगाला डोंगराच्या कुशीत असलेल्या त्या गावात घरटी इंद्रायणी आली. तिला वास, तिला बाजार. तांबसाळ ताटात वाढली की पोरं म्हणत, भात शिजवलाय का गंज चढलाय. गोजराबाई हसायची आणि ओढ्याकाठच्या एका लहानशा खाचरात दरसाल तांबसाळच लावायची. आता साऱ्या गावात तेवढं एकच खाचर उरलं होतं.

तिची एकुलती लेक अनसूया सूसला दिली होती. तिच्या ओटीतही तांबसाळ गेली होती, दोन वर्षं तिथं लावलीही होती. मग सासऱ्यानं जमीन दिली आणि तिथं इमारती उभ्या राहिल्या. जिथं तांबसाळ डुलायची तिथं मोटारी उभ्या राहू लागल्या. पेरायला जागा नाही म्हटल्यावर अनसूयेच्या सासूनं बियाणं कांडून खिचडीला लावलं. अनसूया हे सांगताना रडली होती. तिचा रंग तेव्हापासूनच उतरलेला, नखं कागदासारखी पांढरी. पहिल्या खेपेला दिवस राहिले ते टिकले नाहीत. डॉक्टर म्हणाला, रक्त नाही. लोखंडाच्या गोळ्या दिल्या त्या तिच्या पोटात ठरेनात.

अशात ज्ञानदा आली.

पिरंगुटच्या अलीकडं माळावर एक संशोधन केंद्र झालं होतं, काचेच्या घरांचं. ज्ञानदा तिथं नोकरीला. माहेर परभणीकडं, आई लहानपणीच गेलेली. नवरा नोकरीला हैदराबादला. बसनं रोज पुण्याहून यायचा कंटाळा आला म्हणून तिनं गोजराबाईच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. सुरुवातीला गोजराबाई तिला म्याडम म्हणायची. मग एकदा म्याडमला ताप आला, गोजराबाईनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि ताप उतरला तेव्हा म्याडमची पोरी झाली होती. ज्ञानदाही काकू सोडून मावशी म्हणायला लागली.

केंद्रात काय करतेस म्हणून गोजराबाईनं एकदा विचारलं. ज्ञानदा तांदूळ निवडायला बसली होती, निवडता निवडता सांगू लागली. तांदूळ पांढरा करायला सडतात, त्यात कोंडा जातो, कोंड्याबरोबर लोखंडही जातं. साऱ्या देशातल्या बाया पांढरा भात खातात आणि पांढऱ्या पडतात. घेवड्याच्या दाण्याला लोखंड साठवून ठेवायची कला येते. ती कला त्याच्या जनुकात लिहिलेली असते, एवढ्याशा तुकड्यात. आम्ही तो तुकडा काढून भाताच्या जनुकात बसवला, काचेच्या भांड्यात रोप वाढवलं, आता त्याचा दाणा आतूनच लोखंडाचा होतो, कितीही सडा.

गोजराबाईनं जरा विचार केला. म्हणजे घेवड्याची सोयरीक तू भाताशी जुळवलीस, असं ती म्हणाली. ज्ञानदा म्हणाली, तसंच म्हणा. दुसऱ्या दिवशी निंदताना बायांच्या कानावर नवी ओवी आली :

येल घेवड्याची लेक । भाताच्या घरी दिली
आंदणाला लोखंड ग । घेऊन सासरी गेली

बाया हसून बांधावर बसल्या. एकीनं विचारलं, मग हुंडा किती घेतला. गोजराबाई म्हणाली, ते म्याडमला इच्यार, मध्यस्थ ती हाय.

पण त्या दिवशी तांदूळ निवडताना ज्ञानदा आणखी एक बोलली होती. अनसूया तेव्हा माहेरी आलेली, सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. तिच्याकडं बघून ज्ञानदा म्हणाली, "मावशी, हा भात अनसूयाताईसारख्यांसाठीच आहे."

गोजराबाईनं ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं.

दिवाळीला ज्ञानदा हैदराबादला निघाली. खोलीला कुलूप लावून निरोप घ्यायला आली तर गोजराबाई सूप घेऊन उभी. घरच्या सुनेनं सुपात डोकावलं आणि हळूच म्हणाली, आत्याबाई, तांदूळ घ्यायचा राहिला, भात आलंय सुपात.

"न्हाई राहिला," गोजराबाई म्हणाली.

ज्ञानदाच्या अंगावर पंजाबी ड्रेस. पदर कुठला आणायचा. तिनं ओढणी पसरली. गोजराबाई म्हणाली, चालतंय, झोळी बी चालती. मग ओवी म्हणत तिनं तांबसाळ घातली, आणि तांदळाची ओटी कुणाची, भाताची कुणाची, माघारी मूठ म्हणजे काय, ते सगळं सांगितलं. ज्ञानदा ऐकत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिची ओटी अशी कुणी भरलीच नव्हती.

परत आल्यावर काही दिवसांनी तिनं ओटीतल्या भाताची गोष्ट सांगितली. केंद्रात दाणे तपासले, मावशी, त्यात खरंच खूप लोखंड निघालं, सर खूश झाले. काही दाणे कुंड्यांत लावले, काही थंड खोलीत जपून ठेवलेत, तिथं पन्नास वर्षं राहिले तरी जिते राहतात. गोजराबाईला त्याचं नवल वाटलं नाही. लेकीच्या घरी बी रुजलं, एवढंच तिनं धरलं.

मग केंद्राला एक खाचर हवं झालं. नवा भात काचेतून मातीत लावून बघायचा, पण आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं भात नको. गोजराबाईचं खालचं खाचर ओढ्यापलीकडं, तिन्ही बाजूंनी डोंगर. मुलगा वाल्मीक कंपनीत कामाला होता, त्यानं खंड बघून हो म्हटलं. गोजराबाईनं खंड विचारला नाही. पोरीचं काम हाय म्हणाली.

तारेचं कुंपण आलं, पाटी आली, राखणीला भिकू आला. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गावच्याच बायांनी लावणी केली, गोजराबाई पुढं. घेवड्याची ओवी त्या खाचरात दिवसभर वाजली. ज्ञानदानं बांधावर उभं राहून सगळ्यांना बजावलं की इथला एकही दाणा बाहेर न्यायचा नाही. गोजराबाईनं मान डोलावली. तिला वाटलं, चोरचिलटांसाठी सांगते आहे. पोरीनं एवढा जीव लावून वाढवलेलं भात, उद्या कुणी लंपास केलं तर. कापल्यावर जे उरेल ते जाळायचं, हे करारात होतं. वाल्मीकला ते ठाऊक होतं. पण म्हातारीला सांगायचं कुणाला सुचलं नाही, आणि ज्ञानदाला वाटलं, वाल्मीकनं सांगितलं असेल.

दसऱ्याला दारावर लोंब्यांचं तोरण बांधायचं. घरच्या प्रत्येक खाचरातली थोडी थोडी लोंबी त्यात लागते. ज्या खाचराची लोंबी दारात आली नाही ते खाचर पोरकं झालं, असं मानतात. गोजराबाई वरच्या खाचरात गेली, ओढ्याकाठच्या तांबसाळीत गेली, आणि मग तारेखालून वाकून खालच्या खाचरातही गेली. भिकू चहाला गेला होता. तो असता तरी ती गेली असती. तिला ना चोरटेपणा वाटला ना भीती. आपल्याच शेतात तिनं विळा चालवला, मूठभर लोंब्या पदरात घेतल्या, तांबसाळीच्या लोंब्यांत गुंफल्या आणि तोरण उंबऱ्यावर चढवलं.

कापणीच्या दिवशी ती अनसूयेला घेऊन खालच्या खाचरावर गेली. अनसूयेला पुन्हा दिवस राहिले होते, नुकतेच. गोजराबाईच्या काखेत एक रिकामी पिशवी होती. नवा भात आज पोरगी देईल, शेर-दोन शेर, पहिला घास अनशीच्या तोंडात घालायचा, असं तिनं आदल्या दिवसापासून घोकलं होतं.

मळणी झाली. केंद्राच्या माणसांनी वजनं केली, छोट्या पाकिटांत थोडं थोडं भरून घेतलं. मग बांधाकडेला खड्डा होता त्यात उरलेली पोती उपडी केली, पेंढा टाकला, रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

गोजराबाईला आधी समजलंच नाही. राब भाजतात तसं काही असेल म्हणाली. आवणाच्या रोपांसाठी जमीन भाजायची, शेण-पालापाचोळा जाळायचा, ती तर दरसालची रीत. पण इथं पाचोळा नव्हता. दाणा होता. दाणा तडतडायला लागला. खड्ड्यातून पांढऱ्या लाह्या उडू लागल्या, धुरातून वर यायच्या, बांधावर पडायच्या, गवतावर पडायच्या.

"आये, लाह्या," अनसूया म्हणाली.

गोजराबाईनं काखेतली पिशवी घट्ट धरली. खळ्यावर सांडलेला दाणाही वाकून वेचणारी ती. उभ्या आयुष्यात तिनं भात जळताना पाहिलं नव्हतं. ज्ञानदा धावत आली. सांगू लागली, नियम आहे, मावशी, अजून खायची परवानगी नाही. तपासण्या व्हायच्यात, जनावरांना घालून बघायचंय, मग सरकार बघणार.

"मंग माज्या लेकीसाठी हाय म्हणालीस ते?"

"होईल ना. पण वेळ लागतो. सात-आठ वर्षं तरी."

गोजराबाईनं अनसूयेच्या पोटाकडं पाहिलं. पोटाला एवढी उसंत नव्हती.  वाटेनं येताना तिनं पिशवीची घडी घालून कमरेला खोचली. त्या हिवाळ्यात तिनं तांबसाळच कांडली, आणि सूसला दर पंधरवड्याला वाल्मीकच्या गाडीवरून शेरभर तांबडा तांदूळ जात राहिला. ज्ञानदाशी ती पूर्वीसारखीच बोलायची. फक्त घेवड्याची ओवी पुन्हा तिच्या तोंडी आली नाही.

मात्र तोरण दारावरच होतं. त्या जळालेल्या भाताची तेवढीच निशाणी. आणि तोरणाची पुढची रीत अशी की पेरणीच्या वेळी ते उतरायचं, लोंब्या हातावर चोळायच्या आणि ते दाणे बियाण्यात मिसळायचे. दसऱ्यापासून उंबऱ्यावर राहिलेली लक्ष्मी पुन्हा मातीत गेली पाहिजे. दुसऱ्या सालच्या जेठात गोजराबाईनं राब भाजला, तोरण उतरवलं. सून पदर खोचून बियाण्याची पाटी धरून उभी होती. गोजराबाईनं सगळ्या लोंब्या एकत्रच चोळल्या आणि दाणे तांबसाळीच्या बियाण्यात कालवले. मूठभर कणगीतही टाकले, घरच्या साठ्याला बरकत म्हणून. भात जाळणाऱ्यांनी जाळलं, पण त्याचा वंश तिनं बुडू दिला नाही, या विचारानं तिला फार बरं वाटलं.

त्याच जेठात अनसूया माहेरी बाळंत झाली. मुलगी. अंगानं भरलेली, रडायला खणखणीत. डॉक्टरनं अनसूयेचं रक्त तपासलं आणि ह्या खेपेला बरं आहे म्हणाला. बारशाला पाळण्याची दोरी ज्ञानदाच्या हातात दिली होती, मावशी म्हणून. बाया गेल्यावर सोप्यात अनसूया, ज्ञानदा आणि गोजराबाई उरल्या. ज्ञानदाच्या मांडीवर बाळ होतं. गोजराबाईच्या पोटात सुख मावेना. तिला वाटलं, हिचाही जीव तेव्हा तुटला असेल, हिलाही सांगावं.

"तुजंबी भात मी निपुत्रिक न्हाई ठेवलं बरं का," ती म्हणाली, आणि तोरणाची सगळी गोष्ट सांगितली.

ज्ञानदाचा चेहरा उतरला. तिनं आधी दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, कुठल्या बियाण्यात. राबात किती. कणगीत किती. गोजराबाईनं सांगितलं, पण सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की पोरीच्या आवाजात आनंद नाही.

"सांगायची न्हाईस न्हवं कुणाला? माजी तांबसाळ हाय त्यात."

"नाही सांगणार, मावशी."

"लेकराच्या डोस्क्यावर हात ठेव."

ज्ञानदानं बाळाच्या टाळूवर हात ठेवला. टाळू अजून मऊ होती, हाताखाली धडधडत होती. अनसूया हसली, म्हणाली, आये, कशाला घाबरवतीस तिला.

आवण वीतभर वर आलं, हिरवंगार. लावणीला पाच-सहा दिवस असतील नसतील, तेव्हा केंद्राची जीप आली. भर दुपारी. पुढं निरंजन सर, ज्ञानदाचे साहेब, मागं हातमोजे घातलेली माणसं. साहेब अदबशीर होते. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला. पण उंबरा ओलांडायच्या आधी त्यांनी मान वर केली आणि चौकटीवर हात फिरवला, जिथं तोरणाची सुतळी अजून लोंबत होती. सुतळी त्यांनी पिशवीत टाकली. मग विचारलं, तांबसाळीचा राब कोणता आणि कणगी कुठली.

त्यांना कुणी सांगितलं हे गोजराबाईला विचारावं लागलं नाही. तोरणाची गोष्ट तिच्याशिवाय तिघींनाच ठाऊक होती. एक बाळाला पाजत आत बसली होती, दुसरी घरची सून पोटाशी पदर धरून तिच्या शेजारीच उभी होती. तिसरीच्या खोलीला कुलूप होतं.

तिनं फक्त एवढंच केलं, की माणसांच्या पुढं जाऊन राबाच्या बांधावर उभी राहिली. म्हणाली, तुमचं तुमी घ्या, माजं मला ठिवा. मी निवडून देते. निरंजन सर समजावत राहिले, आजी, रोपात कोण कुणाचं ते डोळ्यांनी कळत नाही. एक जरी आमचं राहिलं आणि बाहेर गेलं तर फार मोठा घोटाळा होईल. सगळंच काढावं लागेल. भरपाई मिळेल. वाल्मीक कंपनीतून आला, कागद वाचले, सही केली. आईकडं न बघताच केली.

आवण मुळासकट उपटलं. कणगी कलंडवून शेवटचा दाणा झाडून घेतला. माणसं आत चुलीपाशी गेली. तिथं एका डब्यात कांडलेला तांबडा तांदूळ होता, बाळंतिणीच्या पेजेचा. एकानं डबा उचलला.

"तो राहू दे," निरंजन सर म्हणाले. "तांदूळ उगवत नाही."

जीप गेली. त्या दिवशी गोजराबाई रडली नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. सुनेला वाटलं, धक्का बसलाय. पण दुसऱ्या दिवशी म्हातारी ओढ्याकाठच्या खाचरात चिखल करायला उतरली, तेव्हा सुनेला कळेना. बी नाही, आवण नाही, चिखल कशाला.  गोजराबाईनं बांध लिंपला, पाणी अडवलं, चिखल लोण्यासारखा केला.

तिचा हिशेब सरळ होता. माहेरचं बी गेलं होतं. लेकीच्या घरी ते होतं, पन्नास वर्षं जितं राहील असं ठेवलेलं. लेकीला कळलं होतं, कळलं कसलं, तिच्याच हातून झालं होतं. चूक झाली असेल पोरीच्या हातून, घाबरली असेल, साहेबांनी दटावलं असेल. पण माघारी मूठ ती आणणार. आणि मागायचं तर नसतंच.

गावाची लावणी झाली. बायांच्या ओव्या एका खाचरातून दुसऱ्यात सरकत पार डोंगराच्या पायथ्याला गेल्या आणि थांबल्या. ओढ्याकाठचं खाचर तसंच, आभाळ धरून बसलेलं. वाल्मीक म्हणाला, आये, इंद्रायणीची रोपं उरलीत, टाकू का. ती म्हणाली, राहू दे. पौडची गाडी फाट्यावर थांबली की ती हातातलं काम सोडून वाटेकडं बघायची. अनसूयेला सगळं समजत होतं. एकदा ती बाळाला खांद्यावर घेऊन म्हणाली, आये, ती न्हाई यायची. गोजराबाई तिच्यावर एवढी चिडली की दिवसभर बोलली नाही.

ज्ञानदा गौरींच्या दिवशी आली. लेकी माहेरी येतात त्या दिवशी. गोजराबाई हात पुसत उंबऱ्यात आली. लावणीचे दिवस गेले होते, पण बी काय, पुढच्या साली लागलं असतं. ज्ञानदा रिक्षातून उतरली, सामान न्यायला आले म्हणाली. नवऱ्याची बदली पुण्याला झाली, बावधनला फ्लॅट घेतला, केंद्रही जवळच पडेल. हातात कापडी पिशवी होती. गोजराबाईची नजर त्या पिशवीवरून हलेना.

पिशवीतून बाळासाठी चांदीचे वाळे निघाले. गोजराबाईसाठी लुगडं निघालं, चांगलं, काठाचं. मग एक सीलबंद पाकीट निघालं, वर छापील अक्षरं. गोजराबाई पुढं झुकली.

"इंद्रायणीचं आहे, मावशी. सुधारलेलं. उतारा जास्त येतो."

गोजराबाईनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. मग आईनं जे विचारायचं नसतं ते तिनं विचारलं.

"मूठ आणलीस?"

ज्ञानदा खाली बघत राहिली. विसरलेली नव्हती ती, ते तिच्या मानेवरूनच दिसलं. सांगू लागली, ते बी आता केंद्राच्या नावावर आहे. त्याला नंबर पडलाय. सरांनी ते पुढच्या कामात वापरायला घेतलंय. एक दाणा बाहेर काढायचा तर वरून परवानगी लागते. मी विचारलं होतं सरांना.

"कवा इच्यारलंस? त्यांला सांगायच्या आदी, का मागनं?"

"मागून."

आत बाळ कुरकुरलं. अनसूयेनं त्याला उचललं, पण ती बाहेर आली नाही.

"मावशी, मी गप्प बसले असते आणि उद्या ते कुठं सापडलं असतं, तर सगळं काम बंद पडलं असतं. इथलंच नाही, सगळीकडचं. लाखो बायकांसाठी चाललंय हे."

"लाखो बाया मला ठाव्या न्हाईत. मला एक अनशी ठावी हाय." गोजराबाईचा आवाज चढला नव्हता. "सांगितलंस त्याचा राग न्हाई. तुजी भाकरी हाय ती. पर लेकराच्या टाळूवर हात कशापायी ठेवलास? तवाच न्हाई म्हनायचं हुतंस. मी रातीत तांबसाळ घेऊन डोंगर चढले असते."

"तुम्ही घाबरला होता," ज्ञानदा म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

गोजराबाईनं तिच्याकडं पाहिलं.  तापात पट्ट्या ठेवताना पाहिला होता तोच चेहरा. त्यात खोट दिसेना, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं. पोरीला खरंच वाटत होतं की तिनं त्या दिवशी माया केली.

रिक्षावाल्यानं सामान चढवलं. ज्ञानदा पाया पडायला वाकली.

"थांब. तशीच जाऊ नगंस. आज गवर हाय."

ती चुलीपाशी गेली. सून तिथंच होती. डबा उघडताना तिनं पाहिलं, सूप पाहिलं, सुपात काय पडलं ते पाहिलं, आणि ह्या वेळी काही बोलली नाही.

ज्ञानदानं दारात सूप बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. सगळं मिटलं, असं तिला वाटलं. तिनं चटकन ओढणी पसरली, पहिल्या दिवाळीला पसरली होती तशीच, दोन्ही हातांनी. गोजराबाईनं तिला कुंकू लावलं. सूप उचललं. ओवी म्हटली नाही. सगळं घर गप्प होतं, आणि त्या गप्पपणात दाणे ओढणीत पडले त्याचा आवाज आला. सालाचा खरखरीत आवाज नव्हता. गुळगुळीत होता.

ज्ञानदानं खाली पाहिलं. तांबडे दाणे होते, कोवळ्या विटेच्या रंगाचे. तांबसाळच. पण कांडलेली. एकाही दाण्याला साल नव्हतं, एकाच्याही टोकाला कोंब फुटायची जागा उरली नव्हती. तिच्याइतकं हे कुणाला समजणार.

"मावशी..."

"शिजवून खा," गोजराबाई म्हणाली. "लई लोखंड हाय त्यात."

ज्ञानदा ओढणीची टोकं गोळा करून रिक्षात बसली. दाणे सांडू नयेत म्हणून वळणापर्यंत तिनं हात सोडले नाहीत. रिक्षा दिसेनाशी झाली तशी गोजराबाईनं पाकीट, लुगडं, वाळे सुनेच्या हवाली केले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि मागच्या दारानं ओढ्याकडं उतरली. खाचरात पाणी तसंच उभं होतं, त्यात ढग. तिनं बांधाच्या कडेला फावडं घातलं, एकदा, दोनदा, आणि बांध फोडला. अडवून धरलेलं पाणी आधी हळू, मग आपल्या वेगानं ओढ्याला निघालं. चिखल उघडा पडेपर्यंत ती तिथं उभी राहिली. मग वाल्मीकला हाक मारून सांगितलं, की पुढच्या सालापास्नं हितं तुला काय लावायचं ते लाव.